झिऱ्यापासून केळीच्या बागेपर्यंत: खानदेशातील पाण्याच्या गोष्टी आणि मुलांची चित्रे

प्राथमिक शाळेत पाण्याचा धडा बहुधा एका घोषवाक्याने सुरू होतो आणि जलचक्राच्या आकृतीपाशी संपतो. मुले दोन्ही गोष्टी पाठ करतात आणि परीक्षेत गुणही मिळवतात. मात्र ज्या मुलांच्या पाड्यावर पहिल्या पावसानंतर नीलचरी, म्हणजे नवी हिरवाई, पूजल्याशिवाय कोणी नव्या हिरव्या पाल्याला हात लावत नाही, त्या मुलांना हा धडा कोणा दुसऱ्याच्या घरचा वाटतो. खानदेशातील भिल, पावरा, कोकणा, मावची, तडवी या समाजांकडे पाण्याविषयीच्या कथा, गाणी आणि चित्रे आहेत. त्यांत नुसती भक्ती नाही. पाणी कुठे शोधावे, किती घ्यावे, कोणी राखावे याचे नियमही त्यांत सांभाळलेले आहेत. ही सामग्री चौथी ते सातवीच्या वर्गात आदराने कशी आणता येईल, हे पाहण्यासाठी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील आम्ही काही शिक्षक मार्गशीर्षात एकत्र निघालो. आमच्यासोबत एक चित्रकला शिक्षक होते आणि धडगाव भागातील एक पावरा गुरुजी पुढे आम्हाला येऊन मिळाले. मार्गशीर्ष मुद्दाम निवडला होता. या दिवसांत सातपुड्यातील नाले अजून वाहते असतात, पण झिरे, म्हणजे वाळूतले पाण्याचे खड्डे, उकरायलाही सुरुवात झालेली असते, आणि साक्रीच्या पश्चिम भागात डोंगऱ्यादेवाचा उत्सव चालू असतो.

रविवार: पांझरेचा काठ

धुळ्याहून साक्रीमार्गे पिंपळनेरकडे जाताना पांझरा नदी वारंवार रस्त्याजवळ येते. या खोऱ्यात फड पद्धत काही शतकांपासून चालत आली आहे. नदीवर ठिकठिकाणी दगडी बंधारे घालून पाणी पाटात वळवायचे, लाभक्षेत्राचे साधारणपणे चार फड करायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पाणी कमी असेल त्या वर्षी कोणते फड भिजवायचे हे गावाने मिळून ठरवायचे, अशी ही व्यवस्था आहे. पाणी देणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या हे गावाने नेमलेले लोक असतात. शेतकरी स्वतःच्या हाताने पाट फोडत नाही. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झालेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची नोकरीची पहिली वर्षे याच भागात गेली. पांझरेच्या पाण्यावर काम करताना त्यांनी ही पद्धत जवळून पाहिली होती, हे आमच्यातील बहुतेक शिक्षकांना ठाऊक नव्हते.

एका गावातील शाळेने वयोवृद्ध पाटकरीबाबांना वर्गात बोलावले होते. बाबांनी खडू घेतला नाही. त्यांनी मुलांना अंगणात नेले, काठीने मातीत बंधारा, पाट आणि फड आखले आणि एका मुलीला तांब्याने हळूहळू पाणी सोडायला सांगितले. पहिल्या फडाच्या मुलांनी पाणी अडवून धरले तेव्हा खालच्या फडात बसलेली मुले ओरडू लागली. बाबा एवढेच म्हणाले, "पानी गावनं शे, एकलानं नई." त्यानंतर त्यांनी मुलांना पाट साफ करायला लावला, कारण हंगामाआधी पाट झाडणे हे प्रत्येक घराचे काम असते आणि जे घर येत नाही त्याला जाब विचारला जातो. मुलांनी हे सर्व नंतर कागदावर काढले. सर्वात चांगल्या चित्रात बंधारा अगदी लहान होता आणि पाट झाडणारी माणसे मोठी होती. आमच्या चित्रकला शिक्षकांनी प्रमाण सुधारण्याचा मोह आवरला, हे मला फार आवडले. त्या मुलाला काय महत्त्वाचे वाटले ते त्या आकारांतूनच कळत होते.

अलीकडे वरच्या धरणांमुळे आणि विहिरींमुळे अनेक फड मोडकळीला आले आहेत. पाटकरीबाबांच्या नातवंडांना फड हा शब्द माहीत आहे, पण पाण्याच्या वाटपाचा हिशेब माहीत नाही. शाळेने हे काम आणखी काही वर्षे लांबवले असते, तर सांगणारे कोणी उरले नसते.

सोमवार: कोकण्यांचे डोंगर

साक्री तालुक्याच्या पश्चिम टोकाला बारीपाडा आहे. या गावाने १९९० च्या दशकापासून चारशे हेक्टरांहून अधिक जंगल स्वतः राखले आहे, कुऱ्हाडबंदी आणि दंडाचे नियम स्वतः केले आहेत आणि त्यामुळे आटलेल्या विहिरींना पुन्हा पाणी आले आहे. या कामात पुढाकार घेणाऱ्या चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पावसाळ्यात येथे होणारी वनभाज्यांची स्पर्धा आता पुष्कळ लोकांना माहीत आहे. या स्पर्धेत बायका भाज्या रांधून मांडतात आणि कोणती भाजी कुठल्या ओलाव्याला येते तेही सांगतात. ज्या जंगलात त्या भाज्या उगवतात तेच जंगल विहिरीला पाणी देते, ही गोष्ट येथील मुलांना वेगळी शिकवावी लागत नाही.

आम्हाला मात्र कथा ऐकायची होती. जवळच्या एका पाड्यावर संध्याकाळी थाळगाणे म्हणणारे आजोबा बसले होते. काशाच्या थाळीच्या मध्यभागी मेणाने एक बारीक काडी उभी चिकटवलेली असते. आजोबा दोन्ही हातांची बोटे त्या काडीवरून वरून खाली आळीपाळीने ओढत होते, आणि थाळीतून एक अखंड, घुमणारा सूर निघत होता. त्या सुरावर त्यांनी कणसरीची कथा लावली. कणसरी ही धान्याची देवी. त्यांच्या सांगण्याप्रमाणे, माणसांनी धान्य पायदळी तुडवले, तेव्हा ती रुसून डोंगरापलीकडे निघून गेली. तिच्यामागोमाग शेतातली ओल गेली, मग झरे गेले, मग पाखरे गेली. तिला परत आणण्यासाठी माणसांना एकेका झऱ्यापाशी जाऊन माफी मागावी लागली. आजोबा प्रत्येक झऱ्याचे नाव घेत होते आणि ती सगळी नावे त्याच शिवारातील होती. शेजारी बसलेली मुले प्रत्येक नावाला "हो" म्हणत होती, कारण त्यांतले निम्मे झरे त्यांनी पाहिले होते आणि उरलेले कुठे आहेत ते त्या रात्री त्यांना पहिल्यांदा कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौथीच्या वर्गात आम्ही मुलांना रात्रीच्या कथेचा नकाशा काढायला सांगितला. डोंगर कोणत्या बाजूला, कणसरी कोणत्या वाटेने गेली, कोणते झरे वाटेत लागतात आणि त्यांतले आज कोणते जिवंत आहेत, एवढेच विचारले होते. मुलांनी गावाच्या सीमेवरचा लाकडी वाघदेवही काढला. त्यावर कोरलेले सूर्य, चंद्र आणि नाग कोणीही विसरले नाही. कागदावर जिवंत झरे निळे आणि आटलेले तांबडे झाले. एका मुलाने तांबड्या झऱ्यांच्या वर, डोंगराच्या उतारावर, तोडलेल्या झाडांची खोडे काढली. हे त्याला कोणी सुचवले नव्हते. पाणलोट क्षेत्र म्हणजे काय हे समजावण्यासाठी आम्ही एरवी दोन तासिका घेतो. येथे त्या मुलाच्या चित्राकडे बोट दाखवले आणि बाकीचा वर्ग स्वतःच बोलू लागला.

डोंगऱ्यादेवाचे व्रत धरलेल्या माऊली त्या दिवशी अनवाणी गावोगाव फिरत होत्या आणि पावरी या वाद्याचा आवाज दिवसभर डोंगरातून येत होता. मार्गशीर्षी पौर्णिमेला त्या गडावर जातील. आम्ही तेथे थांबलो नाही, कारण तो उत्सव पाहुण्यांसाठी नसतो.

मंगळवार: तापीकाठ

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. जिल्ह्याच्या लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण दोन तृतीयांशाहून अधिक आहे. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेची तयारी सुरू झाली होती आणि घोड्यांचे तळ पडत होते. तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत अरबी समुद्राला मिळते, आणि आषाढ शुद्ध सप्तमीला तिचा जन्मदिवस मानतात. काठावरच्या शाळेत मुलांना सूर्याची मुलगी ही कथा पाठ होती, पण बराजमध्ये, म्हणजे दरवाजांच्या बंधाऱ्यात, अडवलेले पाणी कोणाकडे जाते हे सांगता येत नव्हते. प्रकाशा या गावी गोमाई नदीचा संगम पाहून आम्ही लवकर निघालो. दिवस प्रवासातच गेला. बसमध्ये मुलांची चित्रे लावून ठेवण्याचे काम तेवढे झाले.

बुधवार: धडगाव

शहाद्याहून घाट चढून धडगावला पोहोचलो तेव्हा पावरा गुरुजी वाट पाहत होते. ज्या निवासी शाळेत आम्ही गेलो तिच्या भिंतींवर गेरूच्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांतील वारली चित्रे होती. जिव्या सोमा मशे यांच्यामुळे १९७० च्या दशकापासून जगभर पोहोचलेली ही कला फार मोलाची आहे, परंतु ती पालघर आणि ठाण्याकडची आहे. सातपुड्यातल्या पावरा आणि भिल मुलांना आदिवासी कला म्हणून तीच गिरवायला लावणे म्हणजे त्यांच्या घरच्या गोष्टीला दार बंद करणे होय. गुरुजींनी हे शांतपणे सांगितले आणि मला ते पूर्णपणे पटले. कोणी वाईट हेतूने हे केलेले नाही. चित्रकलेच्या पुस्तकात तो एकच नमुना होता.

नर्मदेपलीकडे अलीराजपूर आणि छोटा उदेपूर भागातील भिलाला व राठवा समाजांत पिठोरा चित्रे काढतात. नवस फेडण्यासाठी घराची भिंत लिंपून लखारा ती काढतो, बडवा विधी करतो आणि देव घोड्यांच्या रूपात येतात. त्या भिंतीवर विहीर असते, पाणी भरणाऱ्या बायका असतात, ताडाचे झाड असते, शेत असते. अवघा संसार देवांसोबत असतो. आमच्या चित्रकला शिक्षकांच्या मनात मुलांकडून पिठोऱ्याची नक्कल करून घ्यावी असे होते. गुरुजींनी नकार दिला. नवस नसताना पिठोरा काढत नाहीत, आणि स्पर्धेसाठी तर मुळीच नाही. तेव्हा ठरले की नक्कल करायची नाही, मुलांना फक्त ती भिंत कशी वाचतात ते सांगायचे आणि मग त्यांनी आपल्या पाड्याचे पाणी आपल्या पद्धतीने काढायचे. पवित्र कला आणि शाळेचा सराव यांच्यातली ही रेघ कोणत्याही शिक्षकाने पुसू नये असे माझे मत आहे.

दुपारी आम्ही मुलांसोबत झिऱ्यावर गेलो. नाल्याच्या कोरड्या होत आलेल्या वाळूत कोपरभर खोल खड्डा उकरून त्याच्या कडेला दगड लावलेले होते. एका आजीने वाटीने पहिले गढूळ पाणी काढले आणि ते खड्ड्यापासून दूर, एका रोपाच्या बुडाशी ओतले. मग ती थांबली. वाळूच्या एका कडेने पाणी झिरपत वर आले, हळूहळू निवळले आणि तळाची बारीक रेती दिसू लागली, तेव्हा कुठे तिने पहिली वाटी कळशीत ओतली. पिण्याचा झिरा सर्वात वर असतो, त्याखाली भांड्यांचा, आणि गुरांचा त्याहून खाली. वरच्या झिऱ्यावर उंबराची सावली होती. या उंबराला कोणी कुऱ्हाड लावत नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील दकार्गल अध्यायातही भूजलाच्या खुणांत उंबर आहे. त्या पोथीविषयी आजीने कधी काही ऐकले नसेल, पण तिचे झाड तेच होते.

झिऱ्याच्या दगडाखाली एक खेकडा होता. मुलांनी तो पकडायला हात घातला तेव्हा आजीने त्यांना रागावून मागे ओढले. गुरुजींनी तिचे पावरी बोलीतले बोलणे आम्हाला समजावले: झिऱ्यातला खेकडा खायचा नसतो, तो पाण्याची शीर मोकळी ठेवतो, त्याला नेले तर पाणीही त्याच्यामागे जाते. नाल्यात खाली कितीही खेकडे धरा, त्याला कोणाची ना नाही. खेकडे ओलाव्याच्या दिशेने बिळे खोल नेतात हे खरेच आहे, आणि ज्या झिऱ्यात खेकडा राहतो तेथे पाणी टिकून आहे एवढे तर नक्की कळते. मुलांना मी विचारले की हा नियम का केला असेल. एक मुलगा म्हणाला, "खेकडा काढायला सगळे दगड उचकतात, मग झिरा ढासळतो." यापेक्षा चांगले उत्तर आमच्याकडेही नव्हते.

तेथेच मुलांनी पाणी मोजले. १५ लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो हे घड्याळात पाहून एका मुलीने वहीत लिहिले आणि त्यावरून दिवसभरात किती बादल्या भरतील याचा गुणाकार वर्गाने मिळून केला. मग पाड्यावर घरे किती आणि प्रत्येकाच्या वाट्याला किती कळशा, असा भागाकार झाला. उत्तर फारच लहान आले. मुले काही वेळ बोलली नाहीत आणि नंतर एकदम सगळी बोलू लागली.

त्या मुलीने संध्याकाळी काढलेले चित्र मी पुष्कळ वेळ पाहत होते. तिने झिरा वरून गोल काढला नव्हता. तिने जमीन उभी कापल्यासारखी काढली होती: वर उंबर, त्याची मुळे खाली उतरत गेलेली, मुळांच्या मध्ये ठिपक्यांनी भरलेली वाळू, ठिपक्यांतून वळत आलेली पाण्याची बारीक वाट आणि त्या वाटेच्या तोंडाशी दोन्ही नांग्या उघडलेला खेकडा. भूगर्भातील पाण्याचा छेद पाठ्यपुस्तकात सहसा वरच्या वर्गात येतो. पाचवीतील मुलीने तो आजीच्या एका वाक्यावरून काढला होता.

रात्री मुलींना मी जोसेफिन मँडामिन यांच्याविषयी सांगितले. कॅनडातील अनिशिनाबे समाजाच्या या आजीने २००३ मध्ये तांब्याच्या बादलीत पाणी घेऊन सुपीरियर सरोवराला पायी प्रदक्षिणा घातली आणि पुढच्या वर्षांत बाकीच्या महासरोवरांभोवतीही ती चालली. त्यांच्या समाजात पाण्याची राखण हे बायकांचे काम मानतात. २०१९ मध्ये त्या वारल्या. मुलींचा पहिला प्रश्न होता की बादली डोक्यावर होती की हातात, आणि दुसरा, की वाटेत कोणी बदली दिली का. रोज झिऱ्यावरून कळशी आणणाऱ्या मुलींनाच हे प्रश्न सुचू शकतात.

गुरुवार: नर्मदेवर

धडगावहून उत्तरेला उतरत गेलो की नर्मदा येते. सरदार सरोवराच्या जलाशयामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरात पाणी १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीला पोहोचले. आता येथे नदी वाहताना दिसत नाही. डोंगरांच्या घळींत शिरलेले स्थिर, रुंद पाणी दिसते आणि एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर होडीने जावे लागते. या काठावर नर्मदा बचाओ आंदोलनाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून जीवनशाळा चालवल्या. मुलांच्या घरच्या बोलीतली गाणी आणि परिसराचे ज्ञान शाळेत आणण्याचा प्रयत्न तेथे फार आधीपासून झालेला आहे. आमच्यासारख्यांनी त्या कामाकडे पाहूनच पुढचे पाऊल टाकले पाहिजे.

पाड्यावरचे एक बाबा गायणा, म्हणजे विधीत गायची कथा, जाणणारे होते. इंदल या नवसाच्या विधीच्या रात्री कळंबाच्या फांद्या रोवून, रंठा या वाद्यावर हे गायणे रात्रभर चालते; त्यात सृष्टी कशी झाली आणि नर्मदा समुद्राला भेटायला कशी निघाली ते येते. आम्ही शाळेत येऊन गावे अशी विनंती केली. बाबांनी मान हलवली. इंदल नसताना, दिवसाउजेडी आणि नवसावाचून गायणे होत नाही. परंतु त्यांनी गोष्ट सांगायला संमती दिली: "गात नाही, सांगतो." गुरुजी मराठी करत गेले. नदी निघाली, पुढे डोंगर आडवा आला, तिने वळसा घेतला. ज्या खडकावर ती थांबली त्याला नाव पडले, ज्या डोहात तिने श्वास घेतला त्याला नाव पडले. बाबा हाताने दाखवत होते: तो खडक तिथे, तो डोह इथे. मुले त्या दिशेने पाहत होती आणि तेथे सपाट पाणीच होते.

या ठिकाणी आमची सर्वांची परीक्षा झाली असे मला वाटते. गोष्ट सांगून मुलांना पाण्याविषयी प्रेम वाटावे एवढाच हेतू धरून आम्ही गेलो असतो, तर येथे थांबून टाळ्या वाजवल्या असत्या. पण ज्या मुलांच्या घराची जमीन पाण्याखाली गेली, त्यांना पाण्याचे मोल शिकवायला जाणारे आम्ही कोण, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. येथे पाणी भरपूर आहे. त्यात मात्र बाबांच्या गोष्टीतले सगळे पत्ते बुडाले आहेत. आम्ही मुलांना जोडीने बसवले. प्रत्येक जोडीला दोन कागद दिले: एकावर बाबांच्या सांगण्यावरून नदी, खडक, डोह आणि काठचे शेत, दुसऱ्यावर आज दिसते ते पाणी, होडी आणि मासे धरण्याची जाळी. दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून उजेडात धरले की बुडालेला डोह आजच्या पाण्याच्या तळाशी दिसतो. बाबांनी एक एक जोडी हातात घेऊन पाहिली. तीन ठिकाणी त्यांनी बोट ठेवून सांगितले की डोह यापेक्षा वर होता. मुलांनी लगेच खोडून पुन्हा काढला.

येथील मुलांना आम्ही पाणी वाचवा असे एकदाही सांगितले नाही. त्यांच्यासाठी धडा वेगळा होता: नदी म्हणजे नावे असलेली जागा आहे, आणि ती नावे लिहून ठेवणे हेही पाण्याचेच काम आहे. अशा वर्गात शिक्षकाने विकास आणि विस्थापन यांवर भाषण देऊ नये. मुलांना ठाऊक असलेले सत्य मुलांनाच मांडू द्यावे आणि मांडले की ते लपवू नये, एवढे पुरेसे आहे. परतताना होडीत फारसे कोणी बोलले नाही. चित्रे भिजू नयेत म्हणून गुरुजींनी ती सदऱ्याच्या आत धरली होती.

शुक्रवार: यावल

शिरपूर, चोपडा मागे टाकून यावल तालुक्यात आलो की सातपुडा डाव्या हाताला राहतो आणि उजवीकडे केळीच्या बागा सुरू होतात. डोंगराच्या पायथ्याला दगडगोट्यांचा आणि भरड वाळूचा पट्टा आहे. भूजलतज्ज्ञ त्याला बझाडा म्हणतात. सातपुड्यावरून उतरणारे पाणी येथे मुरते आणि पुढे तापीच्या खोल गाळाच्या जमिनीतल्या विहिरींना मिळते. केळीच्या बागांनी या साठ्यातून वर्षानुवर्षे एवढा उपसा केला आहे की पातळी सतत खाली गेली आहे. ज्या शाळेत आम्ही गेलो तेथे पायथ्याच्या पाड्यांवरची तडवी मुले आणि बागायतदारांची मुले एकाच बाकावर बसतात.

धडगावच्या मुलीचे चित्र तिच्या आणि गुरुजींच्या परवानगीने आम्ही येथे आणले होते. ते फळ्यावर लावले आणि त्याच्या उजवीकडे लांब कोरा कागद चिकटवला. खेकड्याजवळून निघालेले पाणी पुढे कुठे जाते ते काढा, एवढेच सांगितले. तडवी मुलांनी नाला काढला, दगडगोटे काढले आणि पाणी कुठे एकाएकी जमिनीत गडप होते ती जागा दाखवली. गुरे चारताना त्यांनी ती रोज पाहिलेली होती. मग कागद बागायतदारांच्या मुलांकडे सरकला. त्यांनी विहीर, बोअर, ठिबकाच्या नळ्या आणि केळीचे घड काढले. एका मुलाने बोअरची रेघ काढत काढत ती कागदाच्या खालच्या कडेपर्यंत नेली आणि सांगितले की वडिलांनी दोनदा खोल केली आहे. शेजारच्या तडवी मुलाने विचारले, "मग आमच्याकडचं मुरलेलं तुझ्या बोअरला येतं का?" त्याने थोडा विचार करून हो म्हटले. वरच्या पाड्याने जंगल राखले तर खालच्या बागेला काय मिळते आणि त्या बदल्यात खालच्यांनी काय द्यावे, या प्रश्नापर्यंत वर्ग स्वतःच पोहोचला होता.

आजी-आजोबांच्या गोष्टी या शाळेत कमी निघाल्या, परंतु आखाजीविषयी, म्हणजे अक्षय्य तृतीयेविषयी, सर्वांना बोलायचे होते. लाल मातीची घागर भरून, वर डांगर (खरबूज) ठेवून पितरांच्या नावाने पाणी देण्याचा तो दिवस ऐन उन्हाळ्यात येतो. पाणी सर्वात कमी असते तेव्हाच ते गेलेल्यांनाही द्यायचे असते. प्रत्येकाने आपल्या घरातील घागर काढली आणि तिच्या पोटात ती कोणत्या विहिरीतून भरली जाते ते लिहिले. बऱ्याच घागरींत विहिरीचे नाव नव्हते, नुसते नळ किंवा टँकर होते. मुख्याध्यापकांनी त्या घागरी स्वतः मोजल्या.

संध्याकाळी सर्व शिक्षक बसले. मूल्यमापन कसे करायचे, हा नेहमीचा प्रश्न निघाला, आणि चित्राला गुण द्यायचे नाहीत, मोजमापाच्या वहीला द्यायचे, यावर एकमत झाले. मुख्याध्यापकांनी शाळेचे छत मोजून घेतले होते: २४ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. १ मिलिमीटर पाऊस १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी देतो, म्हणजे ७०० मिलिमीटर पावसाच्या वर्षी या छतावर १,३४,४०० लिटर पाणी पडते; गळती आणि बाष्पीभवन सोडले तरी लाखाहून अधिक लिटर विहिरीकडे वळवता येईल. पन्हळ कुठून न्यायची हे मुलांच्या चित्रांवरून ठरवायचे, असेही त्यांनी सांगितले.

गोष्टींचा संच कोणत्या भाषेत छापावा यावर मात्र वाद झाला. काही जणांचे म्हणणे होते की मराठीत असेल तरच सर्व शाळांत जाईल. पावरा गुरुजींनी त्याला हरकत घेतली: खेकड्याची गोष्ट आजीने पावरीत सांगितली, ती पहिल्यांदा पावरीतच उमटली पाहिजे, आणि तिच्या पाड्याने होकार दिल्याशिवाय छापूच नये. शेवटी ठरले की डावीकडे मूळ बोली आणि उजवीकडे मराठी, दोन्ही देवनागरीत. प्रत्येक गोष्टीखाली सांगणाऱ्याच्या पाड्याचे नाव. आणि गायण्यातला भाग बाबांनी जेवढा सांगितला तेवढाच, एक ओळही अधिक नाही. कच्चा मजकूर घेऊन गुरुजी माघात पुन्हा आजीकडे जाणार आहेत. मंजुरी मिळाली तर जूनमध्ये शाळा उघडण्याआधी पहिल्या प्रती धडगाव, साक्री आणि यावलच्या या शाळांत पोहोचतील.